सरळ निघालेलं स्वस्तिक

॥ श्री ॥
नंदानगर, इंदूर
४ ऑक्टोबर १९९३

ती. शालिनीआक्कास गिरिजेचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. माझ्या अक्षराला हसू नकोस, तिसरीत शाळा सुटली तिथेच ते थांबलंय. मी ठीक आहे. ह्यांचं ठीक नाही. मिलला कुलूप लागल्यापासून खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काही विचारलं तर नुसतं हं. ताट समोर ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. मला भीती वाटते, आक्का.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही, तुला माहीत आहे. तुकोगंजात एका दवाखान्यात चौकीदाराचं काम ठरवलं. ह्यांच्यासोबत मीच गेले. डॉक्टरने ह्यांना नाव विचारलं, ते मी सांगितलं. उमर विचारली, तीही मीच सांगितली. वरून चौकीदाराची खुर्ची दाराच्या कोणत्या बाजूला ठेवायची, तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बाईजी, मग तुम्हीच बसा. आलो परत.

ह्यांच्याबरोबर मिलमध्ये होते ते गोपीनाथ भिया आता घरोघरी केबल टीव्हीची तार लावतात. जोडीला हे हवेत म्हणून दोनदा आले. मी दारातूनच सांगितलं, आमचे हे माकड नाहीत गच्च्यांवरून उड्या मारायला. बघ, एवढी एकटी झटतेय, तरी काही हलत नाही. काय करू ते लिही, आणि लवकर लिही.

लोभ तुझा आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझी गिरिजा


खंडवा
११ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. गिरिजेस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. पंढरीनाथराव इतके गप्प झाले असतील असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे यायचे तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत त्यांचं हसू यायचं.

गिरिजा, हे तुझ्या जोरावर व्हायचं नाही, एवढं एकदा कबूल कर. तुझ्या इंदूरची रीत मी खंडव्याहून सांगायची का? खजरान्याच्या गणपतीला जा. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढ, मागणं माग आणि घरी ये. मागणं पुरं झालं की परत जाऊन सरळ काढायचं. मधल्या वेळात सगळं त्याच्यावर सोडायचं. आणि कृपा कर, खुर्ची कुठे ठेवायची ते गणपतीला सांगू नकोस.

प्रकृतीला जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का


नंदानगर, इंदूर
२१ ऑक्टोबर १९९३

ती. आक्कास सा. न. वि. वि.

घोळ झाला. बुधवारी गेले. खूप भीड. माझ्यापुढे एक बाई चित्र रंगवावं तशी सावकाश स्वस्तिक काढत होती. मी म्हटलं, बाईजी, गणपती म्हातारा होईल. ती उलटून बोलली. मग मी कशी ऐकणार? माझं तोंड तिला जवाब देत होतं आणि शेंदराचं बोट भिंतीवर चालत होतं. रोज उंबऱ्यावर सरळ काढायची सवय. सरळच निघालं!

मागची मावशी म्हणाली, बधाई हो, काम झालं वाटतं. मी म्हटलं, कसलं काम, अजून मागायचंय. ती पोट धरून हसली. पुसायला पदर घेतला तर पुजारीजी ओरडले.

आता गणपतीला वाटणार, चला, गिरिजाचं झालं, पुढच्याला बोलवा. मला धड मागताही येत नाही गं. घरी येऊन कुकर चढवला आणि शिट्टी वाजेल तेवढ्या वेळात रडून घेतलं, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आता उपाय सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी मूर्ख गिरिजा


खंडवा
२८ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. गिरिजेस आशीर्वाद.

पुसायला वगैरे जाऊ नकोस. सरळ काढलंस म्हणजे मिळालं म्हणून हात जोडून आलीस. आता मिळालेल्या बाईसारखी वाग. ज्याला मिळालं तो पुन्हा मागत नाही, कुणाला ढकलत नाही, गप्प बसतो.

गप्प बसणं तुझ्याने व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तेवढं मात्र देवाकडे माग. ते तुला अजून मिळालेलं नाही, हे सगळ्या नंदानगराला माहीत आहे.

रागावून का होईना, पण लिहीत जा.
आक्का


नंदानगर, इंदूर
२२ नोव्हेंबर १९९३

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं केलं. म्हणजे, करता आलं नाही. माझ्या जोरावर मी दूध उतू जाईपर्यंत गप्प राहिले. मग म्हटलं, बाप्पा, माझ्याने होत नाही, जीभ तूच धर. त्यानंतर प्रत्येक वाक्याला त्याला बोलावलं. बिचाऱ्याला दुसरं काही काम करता आलं नसेल.

घर एवढं चूप झालं की हे घाबरले. खाटेवरून उठून आले, माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का विचारलं. मी मान हलवली. हे किती तरी वेळ तिथेच उभे होते.

मग गोपीनाथ भिया परत आले. माकड अगदी दातांपर्यंत आलं होतं. बाप्पा म्हटलं. भिया सवयीने माझ्याकडे बघत राहिले. मी बोलेना. शेवटी मागून ह्यांचा आवाज आला, तार कुठवर न्यायची आहे? आक्का, भिया प्रत्येक वेळी ह्यांना विचारायला येत होते आणि जवाब मी देत होते. एवढी साधी गोष्ट कळायला मला गणपती लागला.

आज सकाळी हे खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन निघाले. गल्लीत भियांनी विचारलं, भाभीजी आजकाल इतक्या चूप कशा? तर हे म्हणाले, हळू बोल भिया, मशीन परत चालू होईल. सगळी गल्ली हसली. सगळ्यांत जोरात हेच हसले.

जवाब माझ्याकडे तयार होता, असा की गल्ली झाडून निघाली असती. चौकट घट्ट धरली आणि म्हटलं, बाप्पा, फक्त हे कोपऱ्यावरून वळेपर्यंत. वळले. मग आत येऊन सगळं पातेल्याला ऐकवलं.

तुझा लोभ आहे म्हणून माझं चाललंय.
तुझी गिरिजा