सगळ्यांची एकच चूक

गुरुजी,

तुम्हाला गुरुजी म्हणणारी आता बहुधा मी एकटीच उरले आहे. चौथीच्या वर्गात माझ्या शेजारी बसायची ती मुलगी गेल्या दिवाळीच्या आसपास वारली, असं तिच्या नातवाकडून कळलं. म्हणजे आता मी काही उलटसुलट आठवायला लागले तर ‘असं नव्हतं गं ते’ म्हणून मला अडवणारं कोणी राहिलं नाही. घरात बोलायला माणूस नाही आणि भिंतींशी बोलायची सवय अजून लागलेली नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. खुशाली विचारत नाही. विचारून तुम्ही काय सांगणार?

तीस सालानंतरची ती वर्षं. पंचवटीतली आपली कौलारू शाळा, एका बाजूला मुलं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही मूठभर मुली. परीक्षेच्या दिवशी तुम्ही फळ्यावर प्रश्न लिहिता, हाताचा खडू झटकता आणि म्हणता, ‘मी बाहेर आहे. आत तुम्ही आहात.’ मग ओट्यावर जाऊन, दाराकडे पाठ करून, चाकूने बोरू तासत बसता. शेजारच्या वर्गातले मास्तर छडी घेऊन रांगांमधून फिरायचे आणि तुम्हाला हसायचे. नीतीचा तास म्हणून तुम्ही कधी घेतला नाहीत, खरं बोलण्याच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. जे काय शिकवायचं ते तुम्ही तिकडे तोंड करून बसूनच शिकवलंत. आणि सांगते, मान वाकडी करायची कोणाची छाती होत नसे. एकदा एकाने शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं, तर त्या शेजाऱ्यानेच त्याला असं कोपर मारलं की शाई सांडली. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. त्या वयात मोठ्या माणसाने आपल्यावर असा विश्वास टाकला की जरा उंच झाल्यासारखं वाटतं. घरी मला कोणी पाण्याची कळशीसुद्धा विश्वासाने देत नसे.

पुढे जे झालं त्याला खरं म्हणजे वाळवी कारणीभूत. शाळेतला जिल्ह्याचा नकाशा तिने पूर्वेच्या कोपऱ्यातून खाल्ला होता. तुम्ही कोकणातले. घाट चढून इगतपुरीला आलात, तिथून नाशिकला उतरलात आणि त्यापुढे कधी गेलाच नाहीत. त्यामुळे रेल्वेची स्टेशनं शिकवायची वेळ आली तेव्हा तुम्ही फळ्यावर आठवणीनेच रेघ ओढलीत आणि लासलगावनंतर नांदगाव लिहून मग मनमाड लिहिलंत. सगळ्यांनी ते पाट्यांवर उतरवून घेतलं, घोकलं. मी त्या दिवशी शाळेत नव्हते. आईचं माहेर नांदगावचं, धाकट्या मामाच्या लग्नाला आम्ही तिकडे गेलो होतो. मनमाडला गाडी बराच वेळ थांबते, थोरला मामा खाली उतरून माझ्यासाठी भजी आणतो, ती खाऊन हात पुसेपर्यंत नांदगाव येतं, हे मला नकाशावाचून ठाऊक होतं. परीक्षेत तुम्ही तोच प्रश्न घातलात. मी मला ठाऊक होतं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डेप्युटी साहेब तपासणीला आले. त्यांनी कागद मागितले, उभ्याउभ्याच चाळले आणि ते खुर्चीत बसले.

‘मास्तर, सगळ्या वर्गाची एकच चूक? नांदगाव मनमाडच्या अलीकडे? परीक्षेच्या वेळी तुम्ही कुठे होता?’

‘बाहेर. ओट्यावर.’

‘म्हणजे एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. सगळ्या वर्गात ही एक मुलगी तेवढी प्रामाणिक निघाली.’ आणि त्यांनी माझं नाव घेऊन मला उभं केलं. कौतुकाने, बरं का. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि तुम्हीही.

तुम्ही मला विचारलंत, ‘नांदगाव मनमाडच्या पुढे आहे?’ पोराटोरांना उत्तर काढायला विचारतात तसं नाही. तुम्हाला खरोखरच माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘हो गुरुजी. माझं आजोळ आहे तिथं.’ तुम्ही मान हलवलीत आणि साहेबांकडे वळलात. ‘साहेब, मुलांनी काही उतरवलेलं नाही. मीच चुकीचं शिकवलं. ही त्या दिवशी आली नव्हती, म्हणून वाचली.’

‘तुम्हाला जिल्ह्याचा भूगोल येत नाही, असं लिहून देताय?’

‘देतो. पण मुलांवर चोरीचा शेरा नको.’

तुम्ही गप्प बसला असतात तर मुलांना दोन दोन छड्या मिळाल्या असत्या, तुम्हाला समज मिळाली असती आणि आपली शाळा होती तशी चालू राहिली असती. पण ते तुम्हाला जमणार नव्हतं. साहेबांनी दोन्ही गोष्टी लिहून नेल्या, शिकवता येत नाही आणि परीक्षेला वर्गात बसत नाहीत. महिना उलटायच्या आत तुमची बदली पेठच्या बाजूला, डोंगरातल्या कुठल्याशा गावाला झाली.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी ओट्यापाशी येऊन रडले. म्हणाले, ‘गुरुजी, मीपण सगळ्यांसारखंच लिहायला पाहिजे होतं.’ तुम्ही माझ्यावर रागावलात ते तेवढं एकदाच. ‘पुन्हा हे तोंडातून काढू नकोस! माझ्यासाठी खोटं लिहिणार असशील, तर इतके दिवस मी बाहेर बसून काय मिळवलं?’ मग खिशातून एक नवा तासलेला बोरू काढून माझ्या हातात दिलात आणि चालू लागलात. मला बोरू नको होता, गुरुजी. डोक्यावरून एकदा हात फिरवला असतात तर चाललं असतं. त्या काळच्या मास्तरांना ते सुचत नसे, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. घरी गेले तर आई चुलीपुढून म्हणाली, ‘समद्यांनी लिहिलं तेच लिहायचं व्हतं ना. तुलाच काय नडलं व्हतं?’ एकाच दिवशी दोन माणसांनी दोन बाजूंनी झोडपलं.

नवे मास्तर आले, ते परीक्षेला वर्गातच खुर्ची टाकून बसायचे. आणि वर्गाने ठरवून टाकलं की हिच्यामुळे गुरुजी गेले. मी चुकीचं लिहिलं असतं तरी साहेबांना ती चूक दिसायची राहिली नसती, हे त्या पोरांना कोण समजावणार? माझ्या शेजारच्या मुलीने आपलं बसकर उचललं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन टाकलं. भाकरी मी भिंतीकडे तोंड करून खायची. खेळात एक भिडू कमी पडला तरी मला कोणी बोलवत नसे. वर्ष संपायच्या आत तुम्ही हिवतापाने गेल्याची बातमी आली, आणि मग तर बोलणंच खुंटलं. वाटायचं, मोठेपणी हे सगळं हसण्यावारी जाईल. नाही गेलं. पुढे कितीतरी वर्षांनी ती शेजारची मुलगी मला गोदावरीकाठी, गंगेवरच्या बाजारात दिसली, दोघींचे केस पिकले होते. मी हाक मारली. तिने खाली बघून मेथीची जुडी निवडायला घेतली आणि मी पुढे जाईपर्यंत निवडतच राहिली. आता तीही नाही. समेट करायचा म्हटला तरी करू कोणाशी?

मीही मास्तरीणच झाले, निवृत्त होऊनही पुष्कळ दिवस झाले. हल्ली शाळांना चारित्र्य शिकवायचा वेगळा तास असतो. भिंतीभर सुविचार रंगवलेले असतात, तक्ते लावलेले असतात. मी नाकं मुरडत नाही, कोणीतरी काहीतरी करतंय हे बरंच आहे. परवा इथल्याच एका शाळेतल्या तरुण बाई घरी आल्या, म्हणाल्या, ‘मुलांना अनुभवाचे चार शब्द सांगा.’ मी गेले. तुमची गोष्ट सांगितली, पण ती मुलगी मी, हे सांगितलं नाही. कुठलीतरी एक मुलगी म्हटलं.

गोष्ट संपल्यावर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिघींच्या बाकावर ती एकटीच होती, उरलेल्या जागेवर तिने दप्तर ठेवलं होतं. तिने विचारलं, ‘मग त्या मुलीशी पुन्हा कोणी बोललं का?’ पुढच्या बाकांवरच्या मुली एकमेकींना ढोसून हसल्या. बाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, ‘मागच्या परीक्षेत वर्गाने कॉपी केली. आम्ही विचारल्यावर हिने एकटीने खरं सांगितलं. तेव्हापासून असंच चाललंय.’

ती उभीच होती. मी म्हटलं, ‘बोलले ना! दुसऱ्याच आठवड्यात सगळ्याजणी तिला खेळायला बोलवायला आल्या.’ तिने मान हलवली आणि खाली बसली. बसताना दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

मी खोटं बोलले, गुरुजी, आणि तेही चारित्र्याच्या तासाला. हा कागद मी कुठे टाकणार, घडी करून कपाटात ठेवीन. रागवायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन. पण त्या मुलीने पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा हेच सांगणार आहे.