जावयाचं पहिलं ताट

घनसावंगी
४ मे २०२६

चि. सौ. अर्पितास,
अनेक आशीर्वाद. विशेष म्हणजे फोनवर मला ऐकू येत न्हाई आणि तुझी आई निरोप अर्धाच सांगते, म्हणून पत्र.

यंदा अधिक महिना तुमच्या सुट्टीतच आला आहे. मागच्या अधिकात तुम्हाला रजा मिळाली न्हाई, जावईबापूंचं धोंड्याचं जेवण राहून गेलं. यंदा पुरणाचे धोंडे, वर तूप, टॉवेल-टोपी, सगळं बराबर करू. प्रेमरावांना सांगून ठेव, गावात आल्यावर पहिलं ताट सासऱ्याच्या घरचं. मंग भावकीत कुठंही जेवा, फक्त शेजारचं भुजंगचं घर सोडून. माझा चुलत भाऊ असून तो तुझ्या लग्नाला आला न्हाई. चार वर्षं झाली, मी विसरलेलो न्हाई.

आम्ही दोघं स्टँडवर घ्यायला येऊ. आपल्या पप्पूचं लग्न अधिक संपल्यावर आहे. तुझ्या लग्नासारखीच याही वेळी पत्रिका मीच लिहून राह्यलो.

माया आहेच, येताना वाढवून आणावी.
तुझे बाबा, काकासाहेब

रत्नागिरी
१ जून २०२६

ती. बाबांना,
शि. सा. न. आम्ही सुखरूप पोचलो. चार दिवसांत तुम्ही प्रेमशी उन्हाळ्याशिवाय कशावरच बोलला नाहीत, म्हणून लिहिते.

चूक माझी आहे. साडीला फॉल लावायला मी जालन्यात थांबले आणि त्यांना पुढे पाठवलं. पहिल्या ताटाचं सांगायचं राहूनच गेलं. ते जीपने थेट गल्लीत उतरले. तुम्ही दोघं छत्री धरून स्टँडवर, घराला कुलूप. भर उन्हात उभा जावई बघून भुजंगकाकांनी आत बोलावलं. त्यांच्या राजनंदिनीच्या नवऱ्याचं जेवण नेमकं त्याच दिवशी होतं. प्रेमनी तिथे नऊ धोंडे खाल्ले आणि आपल्याकडे तीन. दोन्ही आकडे तुम्हाला पाठ आहेत, हे मला माहीत आहे.

काकांनी त्यांना शर्टाचा कपडा दिला. तो माझ्या लग्नासाठी आणलेला होता. काकूंनी प्रेमला सांगितलं, लग्नाच्या दिवशी काका इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसून होते, कुणी तरी बोलवायला येईल म्हणून. पत्रिकेत निमंत्रक म्हणून सगळ्या भावांची नावं होती, त्यांचं नव्हतं. इथे आल्यावर मी आमची पत्रिका काढून बघितली. खरंच नाही. बाबा, ती तुम्हीच लिहिली होती.

पप्पूची छापायला गेली का?

रागावलात तरी उत्तर लिहावं.
तुमची अर्पिता

घनसावंगी
१० जून २०२६

चि. सौ. अर्पितास भुजंगकाकाचे आशीर्वाद.

काल तुझा बाप घरी आल्ता. चार वर्षांनी उंबरा ओलांडला, हातात पप्पूची पत्रिका. बसला न्हाई. म्हणला, वाच. निमंत्रकांत पहिलं नाव माझं, जाड अक्षरात. मी मान खाली घालून तेच नाव वाचत राह्यलो. तुझ्या काकूला, दुर्गाबाईला वाटलं, मी पुन्हा रुसलो. तिनं पत्रिका घेतली, खालपर्यंत वाचली आणि विचारलं, भाऊजींचं नाव कुठाय?

न्हाईच. माझं बसवायच्या नादात त्याचंच राहिलं. वर पप्पूचा बाप म्हणून आहे, पण बोलावणाऱ्यांत न्हाई. तो म्हणला, छापणाऱ्याची चूक. मी म्हणलो, दादा, मागच्या वेळी पण छापणाऱ्याचीच असेल. मंग तो खाली बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

तीनशे पत्रिका छापून झाल्यात. पुन्हा छापायला टाइम न्हाई. म्हणून सकाळपासून ओट्यावर बसून हातानं नाव लिहून राह्यलो. त्याचं अक्षर वाचता येत न्हाई, म्हणून लिहितो मी आणि घड्या घालतो तो. प्रत्येकीत त्याचं नाव मी माझ्या खाली लिहिलंय. त्यानं ते बघितलंय. तरी घड्या घालून राह्यला.

प्रेमरावांना सांग, लग्नाला तो शर्ट शिवून घालावा. पहिलं ताट कुणाच्या घरी, यावर सकाळपासून आमचं भांडण चालू आहे. दुर्गाबाई म्हणती, दोन्ही घरून अर्धं अर्धं वाढा. उपाशी यावं.

जीव लावलाय तेवढा राहू द्यावा.
तुझा भुजंगकाका