कोचशेजारची खुर्ची

गुरुवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर छान बसला, फक्त बाह्या दुमडाव्या लागतात. आपल्या घरात उंची वाटली तेव्हा मी बहुतेक झोपले होते.

बारा वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग 'कोण गेलं?' असं विचारशील. कोणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत.

बातमी अशी की आपला छापखान्याचा संघ बायकांच्या बास्केटबॉल स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचलाय. हो, तुझाच संघ. आता कोच मी आहे. गाठ पडलीय इस्पितळाच्या संघाशी. त्यांची सेंटर नर्स आहे, सहा फूट तीन इंच, सगळे तिला मनोरा म्हणतात. एरवी गरीब गाय, पण बास्केटखाली उभी राहिली की कोणाची डाळ शिजत नाही. पहिल्या सामन्यात एकटीने एकतीस गुण केले आणि वर आमच्या एकीच्या मुरगळलेल्या पायाला पट्टीही बांधून दिली. तीनपैकी दोन सामने जिंकायचे आणि पहिला आम्ही हरलेलो, म्हणजे दुसराही हरलो असतो तर खेळ खलास.

आमच्याकडे उंच अशी एकच, बाइंडिंग खात्यातली, तिला आम्ही शिडी म्हणतो. तीही मनोऱ्याच्या कानापर्यंतच येते. मी प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर गोल आणि फुल्या काढत बसले आणि शेवटी ठरवलं: शिडी बाहेर, पाचही बुटक्या आत. पाचजणी लांबून नेम धरणाऱ्या. मनोऱ्याला बास्केट सोडून त्यांच्यामागे पळावं लागेल, आणि नाही पळाली तर आम्ही मोकळ्या.

कागदावर सोपं होतं. शिडीला सांगणं मात्र जड गेलं. तिने बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसली. जिला वगळलं तिने बाकाच्या टोकाला नाही, कोचशेजारी बसायचं, ही तू घालून दिलेली रीत आम्ही अजून पाळतो.

अर्धा सामना झाला तरी आम्ही चार गुणांनी मागेच. तेव्हा शिडी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, वळायच्या आधी ती दर वेळी चेंडूचा एक टप्पा घेते, डावीकडे. माणूस कितीही उंच असू दे, टप्पा गुडघ्याशीच येतो. तिथे आपल्या बुटक्या आधी पोचतील."

पोचल्या. सात वेळा चेंडू पळवला आणि दोन गुणांनी जिंकलो. सगळ्यांत मोठ्याने शिडी ओरडत होती. मी टॉवेलात तोंड घालून रडत होते. पोरींना वाटलं, आनंदाने.

दादा, बारा वर्षांपूर्वी तू हेच उलटं केलं होतंस. उंच पाच घेतल्यास आणि मला बसवलंस. 'तुला बहीण नको, खांब हवेत,' असं मी सगळ्यांसमोर बोलले आणि ती खुर्ची सोडून कपडे बदलायच्या खोलीत गेले. शेवटच्या दोन मिनिटांत तू मला हाक मारलीस. गोंगाटात ऐकू आली नाही, असं मी आजवर सांगत आले. तू विश्वास ठेवलास, की ठेवल्यासारखं केलंस, कोण जाणे. मग तू संघ सोडलास, गाव सोडलंस, आणि आपली खुशाली वहिनीमार्फत कळू लागली.

मी ऐकली होती. दोनदा. मी नाड्या सोडत बसले होते. आपण एका गुणाने हरलो आणि मला बरं वाटलं. माझं चुकलं, दादा.

निर्णायक सामना रविवारी सकाळी दहाला आहे. मनोरा काही दुधखुळी नाही, ती आता बुटक्यांची तयारी करून येणार. म्हणून मी शिडीला पहिल्यापासून खेळवणार आहे. बरोबर की चूक, हे सांगायला कोणीतरी हवं. तिच्यासाठी जी बाहेर बसेल ती माझ्या उजवीकडे. डावीकडे मी आणखी एक खुर्ची मांडणार आहे, पाठीला उशी लावून.

तिथून हाक मार. या वेळी पहिल्याच हाकेला ओ देईन.

नाड्या बांधून वाट बघणारी,
तुझी चिंगी