थ्रेडगोल्ड म्हणजे कोण?

रविवार, १६ नोव्हेंबर, स्टॅनमोर

डॅनियलशी लग्न करतेय म्हटल्यावर आईनं फोनवर पहिलं आडनावच विचारलं. "थ्रेडगोल्ड म्हणजे त्यांच्यातले कोण गं?" इंग्रजांतही जात शोधतेच ही! सांगून टाकलं, पूर्वज सोन्याच्या धाग्यानं भरतकाम करायचे. तर म्हणाली, "म्हणजे शिंपीच की. असू दे, इंग्रज आहे, चालेल."

चालेल? ताईनं पसंत केलेला मुलगा शिंपी, म्हणून हिनंच मोडता घातला होता. ताई अजून एकटी आहे. तो सोन्याचा धागा काही डोक्यातून जात नाही. माझ्या वेळी सोन्याचा, आणि ताईच्या वेळी नुसताच धागा?

नाही. उद्या पुन्हा फोन लावणार. आई, आधी ताईची माफी माग. माझ्या लग्नाची तारीख त्यानंतर.