आजचा नळ, आजचा चित्रपट

२ एप्रिल, सकाळी ६.४०
एकाहत्तरपर्यंत मोजलं, तेवढ्यात कोकिळाने दूध बघा म्हणून हाक मारली. गॅस बंद केला. पुन्हा पहिल्यापासून. अठ्ठ्याऐंशी अंगठे. व्हॉट्सॲप आकडा आपोआप देतं, पण स्वतः मोजलेलं बरं.
आजची पोस्ट: राजपुरा, नळ ६.३०, दीड तास. त्याखाली: आजचा चित्रपट. इराण, ऐंशीचं दशक. दोन भाऊ, एक विहीर.
ग्रुपमध्ये एकशे चाळीस घरं. अठ्ठ्याऐंशी घरांना इराण आवडतो. कॉलेजात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. एकाही तासाला अठ्ठ्याऐंशी मुलं नव्हती.
पंपावरचा निंबा माझा जुना विद्यार्थी. पाणी एक दिवसाआड येतं. वेळ तो मला फोनवर सांगतो, मी ग्रुपवर टाकतो. चित्रपट ही माझी भर. अकरा आठवडे झाले.

४ एप्रिल
व्हॉल्व्ह बिघडला. नळ नाही, असं लिहिलं. खाली: स्वीडन, पन्नासचं दशक. दीपगृहावर एकटा माणूस.
अंगठे चार. रडके चेहरे बावन्न.
स्वीडन इतका आत पोचेल असं वाटलं नव्हतं.

६ एप्रिल
नळ दोन तास, फुल प्रेशर. चित्रपट जपानचा, साठचं दशक, किटल्या विकणारी विधवा. लाल बदाम, जोडलेले हात. जपानी शिष्टाचार राजपुऱ्याला शिकवावा लागला नाही.
कोकिळा म्हणाली, अहो, एक दिवस नळ लिहू नका, नुसता पिक्चर लिहून बघा. म्हटलं, प्रयोग सायन्सवाले करतात.

८ एप्रिल
चित्रपटाचं नाव मी देत नाही. नावाने पूर्वग्रह होतो. देश, काळ, एक ओळ. पुरे.
अकरा आठवड्यांत एकानेही नाव विचारलेलं नाही. म्हणजे आपापलं शोधून काढतात. आमचा माणूस चिकट.

१० एप्रिल
घाईत चित्रपट टाकायचा राहिला. नुसता नळ ६.१५.
ब्याण्णव अंगठे.
सवयीने दिले. विश्वास बसला की लोक न वाचताही दाद देतात.

१२ एप्रिल
निंबाचा निरोप: पाणी गढूळ, उकळून प्या. तसं लिहिलं. इटली, युद्धानंतरचा काळ, मोडक्या पुलाखालची वस्ती. तोंड वाकडं केलेले चेहरे चाळीस.
गरिबीची किळस आपल्या समाजात अजून आहे. यावर लिहायला हवं. वही आणली. ‘तापीकाठची चित्रपट-अभिरुची’. पहिलं प्रकरण इराण. रोज दोन पानं.

१४ एप्रिल
वहीत अर्धं पान. पेन चांगलं नाही.
निंबा फोनवर म्हणाला, सर, नुसता टाइम लिहत जा ना, लोक मले फोन करता का हे इटली कोणती लाइन आहे. म्हटलं, उत्सुकता आहे, वाढू दे.
ठरवलं. येत्या रविवारी, वीस तारखेला, संध्याकाळी सहाला मंदिराच्या हॉलमध्ये पहिला खेळ. नीलेश लग्नाचे व्हिडिओ काढतो, प्रोजेक्टर तोच देणार. तुर्कस्तान, सत्तरचं दशक. म्हातारी बकरी घेऊन मुलाच्या शोधात बर्फातून चालते. ग्रुपवर टाकलं. शहाण्णव अंगठे. नळही होता त्यात, पण शहाण्णव. हॉलमध्ये साठ खुर्च्या. बाकीच्यांनी उभं राहावं.

१७ एप्रिल
भाषणाची तयारी म्हणून तुर्कस्तान पुन्हा लावला. चाळीस मिनिटं पाहिला. मी नेहमी चाळीसच पाहतो. तेवढ्यात रचना कळते. पुढचं डोळे मिटून चिंतन. शेवट पाहणं हा बाळबोधपणा आहे.
चिंतनातून उठलो तर साडेपाच वाजले होते. कोकिळा गहू निवडत बसलेली, टीव्ही बंद. म्हणाली, संपला. विचारलं, कसा वाटला? म्हणाली, बघायचा होता ना तुम्ही. तिला रचना सांगितली.

१९ एप्रिल
शेजारच्या सुनंदाभाभी आल्या. सोमवारी त्यांच्या तृप्तीचा साखरपुडा, पाहुणे उद्यापासूनच. विचारत होत्या, सर, उद्याचं पाणी पक्कं ना? घरात पंचवीस माणसं असतील. म्हटलं, पक्कं, आणि सहाला पाहुण्यांना घेऊन चित्रपटाला या. म्हणाल्या, कूलर आहे का हॉलमध्ये? आहे. मग येते म्हणाल्या.

२० एप्रिल, रविवार, सकाळी ७
नळ आला नाही. लाइन दुरुस्तीला घेतली आहे. निंबा म्हणतो, दुपारनंतर सांगतो.

दुपारी ४.०५
निंबाचा फोन. आज सहा ते सात. तेवढंच. पुढचं पाणी मंगळवारी.
सहा ते सात.

४.३०
टाकलेलं नाही. नेटवर्क जरा कमी आहे.
ग्रुपवर सुनंदाभाभींनी विचारलं, सर, पाणी केव्हा? मी लिहिलं, कळवतो. हे गेलं. नेटवर्क येत-जात असावं.

५.१५
विचार केला. वेळ टाकली तर हॉलमध्ये मी आणि नीलेश. तेरा आठवड्यांचं काम. आणि निंबाच्या वेळेचा भरवसा काय? सहा म्हणतो तेव्हा साडेसहा होतात. मध्यंतरात जाहीर करीन. मध्यंतर ६.३५ ला. पंचवीस मिनिटं भरपूर झाली. लोक पाणी भरून परत येतील.

५.५०
सत्तावीस माणसं. सुनंदाभाभी आणि त्यांचे अकरा पाहुणे. गल्लीतले दगाभाऊ कूलरसमोर बसले आहेत. म्हणाले, सर, चालू द्या, उकाडा भलता शे. कोकिळा आलेली नाही. म्हणाली, मी पाहिलाय.

रात्री ९
सविस्तर लिहिणार होतो. थोडक्यात लिहितो.
भाषण वीस मिनिटं झालं. त्यामुळे मध्यंतर पुढे गेलं. त्याला माझा इलाज नव्हता.
चित्रपट रंगला होता. म्हातारी बर्फात. सुनंदाभाभींनी पदराने डोळे पुसले. मी पाहिलं. तेरा आठवड्यांत पहिल्यांदाच लोक चित्रपट पाहत होते आणि मी लोकांना पाहत होतो.
पडद्यामागे हॉलचा नळ आहे. सकाळपासून कुणीतरी उघडा ठेवला होता. हॉल लाइनच्या टोकाला, पाणी उशिरा पोचतं. आवाज सुरू झाला. दगाभाऊंनी विचारलं, हाऊ बरफना आवाज शे का, सर? मी म्हटलं, हो.
हो म्हटलं.
मग पाणी पडद्याखालून पुढे आलं आणि कूलरच्या वायरपाशी पोचलं. नीलेशने प्रोजेक्टर बंद केला. कुणीतरी म्हणालं, अरे, नळ आले. एका मिनिटात हॉल रिकामा. घड्याळात ६.५२.
सुनंदाभाभींना दोन बादल्या मिळाल्या. त्यांचा एक पाहुणा म्हणाला, पिच्चर अच्छी थी, मास्टरजी.
कोकिळाने सहाला नळाचा आवाज ऐकून आमचे दोन्ही ड्रम भरून ठेवले होते. सगळ्यांना कळवलं असेल असं तिला वाटलं. निंबाचा फोन कधी आला, तिने विचारलं. म्हटलं, सहाच्या सुमाराला. तिने माझा फोन उचलला, पाहिला, परत टेबलावर ठेवला.
ग्रुप उघडला. मी ग्रुपमध्ये नाही. काढलं आहे. तांत्रिक बिघाड असावा.

२१ एप्रिल, सकाळी
नवीन ॲडमिन कोकिळा. साखरपुडा आहे म्हणून तिने निंबाला विनंती केली, त्याने अर्धा तास जादा पाणी सोडलं. तिने लिहिलं: राजपुरा, आज ७ ते ७.३०. बाकी काही नाही. एकशे अठरा अंगठे.
त्याखाली सुनंदाभाभींनी विचारलं, भाभी, पिक्चर अर्धाच राहिला, म्हातारीला तिचा मुलगा भेटला का?
कोकिळाने लिहिलं, भेटला. त्याने ओळखलं नाही. तिने बकरी त्याच्या दाराशी बांधली आणि परत निघाली.
यावर त्रेचाळीस अंगठे. दगाभाऊंनी विचारलं, पिच्चरनं नाव काय? तेही तिने लिहिलं.
हे सगळं मी तिच्या फोनवर वाचलं. शेवट मला तेव्हाच कळला.
मग मी आमचे दोन्ही ड्रम बादलीबादलीने सुनंदाभाभींकडे पोचवले. चौदा खेपा झाल्या.