वाटून दिलेली नावं

अफुला,
११ फेब्रुवारी २००७

प्रिय गेर्शोन,

तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? अव्होकाडोची तोडणी संपत आली असेल. इकडे सगळं ठीक. चार वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

शाळेत पुन्हा मुलांच्या पोलंड-दौऱ्याची तयारी चालू आहे. माझी नववी खेप. खरं सांगू, कंटाळले आहे रे. म्हणायची लाज वाटते, पण आहे. पालकसभेत एका आईने गरम कपडे किती द्यायचे यावर तासभर माझं डोकं खाल्लं. शालेव नावाचा एक टारगट विचारतो, "त्सिला, छावण्या बघून झाल्यावर खरेदीला सोडणार ना? की आठवडाभर डब्यातलं टूना खाऊन नुसतं रडायचं?" मी हसले. पूर्वी फाडून खाल्लं असतं.

तिथे प्रत्येकाने आपल्या घरातल्या, नाझींनी मारलेल्या एकाचं नाव वाचायचं असतं. ज्यांची घरं इराकहून, मोरोक्कोहून आली त्यांच्याकडे अशी नावं नसतात. त्यांना मी आपल्या आईच्या माहेरची नावं वाटून देते. फ्रूमामावशीचं नाव आजवर आठ मुलांनी वाचलं. बाबांकडचं वाटायला कुणीच नाही. "माझं कुणी नव्हतं," म्हणायचे, आणि आपण पुढे विचारायचो नाही.

यंदा फ्रूमा अवीया नावाच्या मुलीच्या वाट्याला आली. हिची आजी बगदादची. "उसनं नाव वाचायचं, तर ती कोण होती ते तरी कळू दे," म्हणाली आणि मारल्या गेलेल्यांच्या संगणकावरच्या नोंदींत माझं माहेरचं आडनाव टाकून बसली. फ्रूमा त्या आडनावाची नव्हेच, हे तिला कुठून कळणार?

परवा मधल्या सुट्टीत कागद घेऊन आली. "त्सिला, आधी बस."

१९५६ साली नोंदीसाठी भरून दिलेलं पान, बाबांच्या अक्षरातलं. रिव्का, पत्नी. हेंडेल, मुलगी, वय चार. आपल्या आईच्या आधीचं त्यांचं घर. हे पान भरलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी सात.

दुसऱ्यांच्या मुलांना मी इतकी वर्षं सांगत आले, घरी विचारा, शोधा. स्वतः एकदाही शोधलं नाही.

बाबा गेले त्या दिवशी दफनभूमीतून फोनवर तू म्हणालास, "जिवंत बापाला सोडून मेलेल्यांकडे गेलीस." तुला अर्धंच ठाऊक आहे. त्या वर्षी पोलंडला निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी माझं मनगट धरलं होतं. "जाऊ नकोस. तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, "आठच दिवस, बाबा. आल्यावर सांगा." त्यांनी हात सोडला. "बरं, जा. थंडी असते तिथे." चौथ्या दिवशी ते गेले. आपल्यात दफनाला कुणासाठी थांबत नाहीत. त्याच दुपारी तू त्यांना पुरलंस, आणि मी क्राकोवमध्ये बसमधली मुलं मोजत होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

यंदा येत नाही, दमले, असं मी मुख्याध्यापिकेला कळवलं होतं. अवीयाला म्हटलं, हेंडेल तू वाच. तर म्हणते, "वेडी आहेस का? तुझी बहीण आहे. तूच वाच." सतरा वर्षांची पोर!

तर मी जाते आहे, १८ मार्चला. सोबतच्या मोठ्यांमध्ये तुझ्यासाठी एक जागा महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवली आहे. त्या दोघींसाठी कद्दिशची, मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना आजवर आपल्या घरातल्या कुणी म्हटली असेल, असं वाटत नाही. तुझे गुडघे ठाऊक आहेत, रागही ठाऊक आहे. तरी ये. ते नाव माझ्या एकटीच्या तोंडून निघायचं नाही.

तुझी दुसरी बहीण,
त्सिला