दुसरी वाटी

आबा, तुमची चिलीम अजून माझ्याकडे आहे. मातीची, तोंडाशी काळी पडलेली, तुमच्याच धोतराच्या फाडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आहे. सून दर दिवाळीला ट्रंक आवरायला निघते आणि मी दर दिवाळीला तिच्यावर खेकसते. तेव्हाची भीती जुनीच आहे, एका शाळा तपासणीच्या दिवसापासूनची. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आज मी वीस वर्षांनी मोठी आहे. खरं बोला, खरं बोला म्हणून मी पोरांच्या हातावर किती छड्या ओढल्या, आणि तुम्हाला एक खरं सांगायचं ते राहिलंच. ते आज लिहिते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमानं सांगू द्या, मास्तरीण आहे मी. तुम्ही गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होतात. मंगळूरहून कौलं भरून येताना विजयदुर्गाजवळ परबाण, शिडाचा तो आडवा वासा, सुटून तुमच्या कमरेवर पडला आणि तुमचा दर्या कायमचा सुटला. आई त्याआधीच गेलेली. मी गावच्या शाळेत हंगामी शिक्षिका, घरात आपण दोघंच. कमरेत कळ उठली की तुम्ही उशीत तोंड खुपसायचात आणि उशीतूनही आवाज यायचा. त्यावर उतारा एकच होता. सकाळी मी शाळेत जाण्याआधी एक चिलीम, शाळा सुटल्यावर एक. तुमचे हात थरथरायचे म्हणून भरायची मीच. गांजातल्या बिया वेचायच्या, तो तळहातावर मळायचा, काथ्याची इवलीशी गोळी पेटवून वर ठेवायची, खाली ओला फडका गुंडाळायचा. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या आवशीक कधी धड पान लावूक जमला नाय, आणि तू चिलीम भरतंस!" मी वर वर हसायची. आतून माझा जीव थाऱ्यावर नसायचा. दारूबंदी आली तिच्यात गांजाही आलेला. ज्या बोटांनी मळायची त्याच बोटांनी जाऊन फळ्यावर 'नशेपासून दूर राहा' असं सुवाच्य अक्षरात लिहायची. कोकमाच्या साली घासून घासून बोटं लाल व्हायची, तरी एखादं पोर जवळ आलं की मी हात पदराखाली घ्यायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

कळ उतरली की तुम्हाला बंदरं आठवायची. सौराष्ट्राच्या कुठल्याशा बंदरावर भांग पाट्यावर वाटून, मिरी-बडीशेप घालून दुधातून कशी देतात. कुठे तुपात शिजवून तिच्या वड्या पाडतात, त्याला माजूम म्हणतात. आणि आपल्या खलाशांना ती चढायची वाट बघायला सवड नसते म्हणून ते सरळ चिलीम ओढतात. एकदा तुम्ही बोट वर करून मला बजावलं होतं, "ओढलेलो गांजो पावणो, गो. इलो नी गेलो. पोटात गेलेलो घरजावय. येवक उशीर, मगे उठणा नाय." मी खो खो हसले. हसले आणि विसरले, आबा.

शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार असल्याचा कागद आला तेव्हा माझं हंगामीचं तिसरं वर्ष होतं. त्यांच्या शेऱ्यावर मी कायम होणार की घरी बसणार ते ठरायचं, आणि माझ्या पगाराखेरीज घरात दुसरं काही येत नव्हतं. गावात खाणावळ नाही, तेव्हा साहेब जेवायला मास्तरांच्या घरी ही जुनी रीत. म्हणजे आपल्याच घरी. चिलमीचा वास तर पडवीच्या कौलांत, गोधड्यांत, माझ्या लुगड्यांत मुरलेला. मी दोन दिवस घर सारवलं, गोधड्या उन्हात टाकल्या, धूप जाळला. पण त्या सकाळी नवी चिलीम पेटली असती तर सगळं मुसळ केरात. म्हणून मी माझं शहाणपण चालवलं. गांजा तुपात परतला, गूळ-खोबऱ्याच्या चुनीत, म्हणजे मोदकाच्या सारणात, मिसळला आणि वाटी तुमच्यापुढे ठेवली. "आबा, आज ओढू नका, खावा. वास येवचो नाय."

तुम्ही वाटीकडे बघितलंत. "वायच घातलंस मा?"

"वायचच," मी म्हटलं. वायच म्हणजे थोडा, पण थोडा म्हणजे किती, हे मला कुठे ठाऊक होतं? चिलमीत जेवढा भरायची तेवढा घातला होता. तुम्ही खाल्लंत, मी शाळेत गेले.

छोट्या सुट्टीत धावत घरी येते तो तुम्ही भिंतीकडे तोंड करून कण्हताय. चिलमीनं पाच मिनिटांत उतार पडायचा आणि आता दीड तास होऊन गेला होता. "काय एक फरक नाय गो. चिलीम भर." घाम तुमच्या कानामागून ओघळतोय. साहेबांची गाडी कुठल्याही क्षणी येईल. चून अगदीच मिळमिळीत झाली, असं मी ठरवून टाकलं. फडताळात दुसऱ्या दिवसासाठी तेवढाच गांजा घातलेली आणखी ठेवली होती, ती वाटी काढली आणि हसून म्हटलं, "ही नुसती चून आसा. खावा, तोंड गोड करा." गांजाची म्हटलं तर तुम्ही नको म्हणाल आणि चिलीमच मागाल, ही भीती. तुम्ही लहान मुलासारखी ती संपवलीत.

साडेबाराला साहेब पाटावर बसले. मी काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढत होते. साहेब चांगले होते, पोरांचे पाढे ऐकून खूश झाले होते. "चुनीचा वास येतोय का हो, बाई?" त्यांनी विचारलं. "संपली साहेब," मी म्हटलं, आणि तेवढ्यात आतून तुमची आरोळी आली. "शीड उतरवा रे! पाणी इला, आत पाणी इला!"

साहेब माझ्याआधी आत पोचले. तुम्ही उठून बसला होतात, डोळे लालबुंद, ओठ कोरडे, दोन्ही हातांनी खाटेचा कठडा धरलेला. कुठे बघत होतात देव जाणे. तुम्ही साहेबांचं मनगट पकडलंत आणि विनवायला लागलात, तुम्ही, ज्यांना मी कधी कुणाला विनवताना पाहिलं नव्हतं. "सुकाणू सोडू नको रे. घराकडे चेडू एकटा आसा. सोडू नको."

तुमची पोर, तुमचं चेडू, तिथेच भिंतीला टेकून उभं होतं, आबा.

साहेबांनी हळूच हात सोडवून घेतला. "मी मालवणला जातोच आहे, बाई. डॉक्टरांना पाठवून देऊ?" आणि मी म्हटलं, "नको साहेब! हिवताप आहे, दर आठवड्याला येतो." डॉक्टर आला असता तर विचारलं असतं, काय खाल्लं, कुठून आणलं. बाप समोर बुडत होता आणि मी शेऱ्याचा विचार केला.

गाडी गेली तशी मी आत धावले. लिंबू दिलं, ताक दिलं, चिंचेचं पाणी दिलं, ज्यानं नशा उतरते म्हणून ऐकलं होतं ते सगळं. तुमची छाती माझ्या हाताखाली इतकी धडधडत होती की आता थांबेल, आता थांबेल असं वाटायचं. तुम्ही म्हणत होतात, "मी मरतंय गो," आणि मी म्हणत होते, "मी हयच आसंय, आबा, मी हयच आसंय." रवळनाथाला काय काय नवस बोलले ते सांगत नाही. बाप मारला, नोकरीसाठी बाप मारला, एवढं एकच डोक्यात. तशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तुम्ही माणसात आलात. तोंड राखेसारखं झालं होतं. वाशांकडे बघत विचारलंत, "पयल्या वाटयेत गांजो होतो. दुसऱ्या वाटयेत काय होता, गो?"

मी तुमच्यासाठी पेज गार करत होते. "नुसती चून," मी म्हटलं.

"म्हणजे एका वाटयेन माझी ही गत," तुम्ही म्हणालात. "अंगात कायच रवला नाय गो माझ्या."

त्या वर्षी मी कायम झाले. आणि तुम्ही चिलमीला परत हात लावला नाहीत. आपलं शरीर आतून संपलं, आता एक झुरकाही सोसायचा नाही, अशी तुमची खात्री झाली. दोन वर्षं, आबा. कळ उठली की पंचा दातांत धरायचात. किती पंचे फाटले ते मी धुतले आहेत. मी साधी खीर आणली तरी वाटीत बोट बुडवून विचारायचात, "ह्यात काय नाय मा?" दर्याला न भिणारा माणूस माझ्या हातच्या वाटीला भ्यायला लागला. मला कितीदा वाटलं सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर हा माणूस माझ्या हातचं पाणीही पिणार नाही. उद्या सांगू म्हणायची.

शेवटच्या आठवड्यात मला ते बघवेना. जुनी पुडी शोधून काढली, चिलीम भरली, काथ्याची गोळी पेटवली आणि तुमच्या तोंडाशी नेली. तुम्ही वास घेतलात, डोळे मिटलेत, आणि मान फिरवलीत. "नको गो. माका भीती वाटता."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. दोनदा दिला होता, आबा, तुमच्या अंगाला काही झालेलं नाही, ओढा. ते ओठांवर आलंही होतं. मी "बरं" म्हटलं आणि चिलीम विझवली.

दोनदा दिला होता, आबा. एवढंच लिहायचं होतं, त्याला इतकी पानं गेली. सून बाजारातून यायच्या आत ही न्हाणीच्या चुलीत घालते. तिनं वाचलं तर काय म्हणेल, याची मला अजून भीती वाटते.